सुटलेले झेलही धावफलकात छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारतीय संघाच्या 2025 च्या इंग्लंड दौऱ्याचा आढावा आपल्या अंकात वाचला. शुभमन गिलच्या 754 धावा आणि मोहम्मद सिराजचे 23 बळी यांना त्यात मानाचं पान मिळालं, ते योग्यच. पाचही सामने खेळून 185 षटकांहून जास्त गोलंदाजी करणाऱ्या सिराजचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण मालिका 2-2 अशी बरोबरीत का सुटली, ती आपण जिंकू शकत होतो की नाही, याबद्दल त्या आढाव्यात चकार शब्द नाही. माझ्या मते ती मालिका आपल्याच हातून निसटली, आणि तीही लीड्सवर, अगदी पहिल्या सामन्यात.

लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतकं ठोकली. ऋषभ पंतने तर दोन्ही डावांत. पाच शतकं करून कसोटी हरायची म्हणजे काय, हे ज्यांनी तो सामना पाहिला त्यांनाच कळेल. पहिल्या डावात 3 बाद 430 वरून सर्वबाद 471. दुसऱ्या डावात शेवटचे सहा गडी 31 धावांत गेले. शेपूट, म्हणजे तळाचे फलंदाज, वळवळलंच नाही. तरीही 371 चं लक्ष्य होतं, सामना हातात होता. बेन डकेट 97 वर असताना सिराजच्या चेंडूवर पुलचा फटका उंच उडाला. सीमारेषेजवळून यशस्वी जैस्वाल धावत आला, पुढे झेपावला, आणि चेंडू हातातून निसटला. डकेटने पुढे 149 केल्या आणि इंग्लंड पाच गडी राखून जिंकलं. त्या एका सामन्यात जैस्वालच्या हातून चार झेल सुटले. याच पोराने पहिल्या डावात 101 धावा केल्या होत्या, म्हणून त्याला दोष द्यायला जीव होत नाही. पण शतक धावफलकात राहिलं आणि ते चार झेल कुठेच राहिले नाहीत.

एजबॅस्टनला आपण 336 धावांनी जिंकलो, तिथे बोलण्यासारखं फार नाही. गिल 269 आणि 161, आकाशदीपचे दहा बळी, विषय संपला.

लॉर्ड्सला 22 धावांनी हरलो. इंग्लंडच्या दुसऱ्या डावातल्या 192 पैकी 32 अवांतर होत्या. शिवाय पहिल्या डावात उपाहाराच्या तोंडावर के. एल. राहुलला शतकासाठी स्ट्राइक मिळावा म्हणून काढलेल्या एकेरी धावेत पंत 74 वर धावबाद झाला. त्यानंतर दुसऱ्या डावात रवींद्र जडेजा 181 चेंडू खेळून नाबाद 61 वर उभा राहिला तरी काय उपयोग?

दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडायला हवा. मँचेस्टरला जडेजाचा पहिल्याच चेंडूवरचा झेल स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाशेजारी, इंग्लंडच्या जो रूटने सोडला. जडेजाने नाबाद 107 केल्या आणि सामना वाचला. ओव्हलला जैस्वालला जीवदानं मिळाली, त्याने 118 केल्या. उलट त्याच सामन्यात 19 वर असलेल्या इंग्लंडच्या हॅरी ब्रूकचा झेल घेऊन सिराजचा पाय सीमारेषेला लागला आणि ब्रूकने 111 केल्या. शेवटच्या सकाळीही इंग्लंडच्या गस ॲटकिन्सनचा एक फटका आकाशदीपच्या हाताला लागून षटकार गेला. सहा धावांनी जिंकलेल्या सामन्यात तो षटकार किती महाग पडला असता, या विचाराने आजही धडकी भरते.

आपला जुना क्षेत्ररक्षक एकनाथ सोलकर 27 कसोटींत 53 झेल घेऊन गेला. 1971 साली ओव्हलवर वेंकटच्या (वेंकटराघवनच्या) चेंडूवर त्याने झेपावून टिपलेला इंग्लंडच्या ॲलन नॉटचा झेल आमच्या पिढीला त्याच डावातल्या चंद्राच्या (चंद्रशेखरच्या) सहा बळींइतकाच पाठ आहे. फॉरवर्ड शॉर्टलेग, म्हणजे फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, ही त्याची हक्काची जागा होती, संघातल्या सगळ्यात नवख्या पोराला हेल्मेट घालून उभं करायची जागा नव्हती. मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगमध्ये ओल्या खेळपट्टीवर चेंडू अवचित उडतो, तिथे स्लिपमध्ये पावसाळाभर उभं राहून हात तयार होतात. आता सकाळी शिवाजी पार्कात नेटमागे रांग लागलेली दिसते ती पॅड बांधलेल्या मुलांची. स्लिपचे झेल द्यायला प्रशिक्षकाजवळ वेळ उरत नाही, आणि पालकही विचारतात ते बॅटिंग किती मिळाली एवढंच.

म्हणून आपल्याला एक मागणी करतो. कसोटी असो, रणजी असो वा कांगा लीग, धावफलकाखाली सुटलेल्या झेलांची एक ओळ छापा: कोणाच्या गोलंदाजीवर, कोणाकडून, फलंदाज किती धावांवर असताना. सिराजसारख्या गोलंदाजाने घाम गाळून मिळवलेली आणि वाया गेलेली संधी निदान कागदावर तरी त्याच्या नावावर जमा होईल. जागेची अडचण असेल तर सामनावीराचा फोटो एक बोट लहान करा.

आपला नम्र,
एक क्रिकेटप्रेमी वाचक, दादर, मुंबई