वेबसाइट मानकांनुसार हव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुल्क भरण्याच्या किंवा अर्ज करण्याच्या काही वेबसाइटवर ‘अमुकच ब्राउझर वापरा’ अशी सूचना आजही दिसते. याच क्षेत्रात काम करणारा पुणेकर म्हणून मला वाटते की, ही सूचना म्हणजे वेबसाइट करणाऱ्याने आपले अपुरे काम नागरिकाच्या गळ्यात मारणे होय.

मराठी वाचकांनी याची झळ पूर्वीच सोसली आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी संकेतस्थळागणिक फॉन्ट वेगळा आणि त्यातील अक्षरांचे क्रमांकही वेगळे असत. त्यावर तोड म्हणून पानासोबत फॉन्ट पाठवण्याची जी पद्धत अनेकांनी स्वीकारली, ती मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरपुरतीच चाले, इतरत्र मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसे आणि मजकूर शोधणेही अशक्य होई. हा प्रश्न कुणाच्या क्लृप्तीने नव्हे, तर सर्वांनी एकच युनिकोड मानल्याने सुटला.

पानांच्या मांडणीचेही तेच झाले. चौकटीची रुंदी ३०० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) आणि आतली मोकळी जागा दोन्ही बाजूंना २० असेल, तर डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार ती ३४० पिक्सेल जागा व्यापते. इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मात्र सगळे ३०० मध्येच बसवत असे. मग त्याच्याच दुसऱ्या दोषाचा आधार घेऊन त्याला वेगळी रुंदी देण्याची युक्ती निघाली. पुढे २००१ मध्ये सहाव्या आवृत्तीने हा हिशेब सुधारला, तरी जुन्या वेबसाइटमध्ये तशा युक्त्या राहूनच गेल्या.

ब्राउझरमध्ये आजही दोष सापडतात आणि प्रसंगी तोडगा काढावाच लागतो, हे मला मान्य आहे. परंतु तो वेगळा ठेवावा, कशासाठी केला ते तिथेच लिहावे आणि दोष दूर होताच काढून टाकता यावा. ब्राउझरचे नाव पाहून निर्णय घेणे तर टाळावेच, कारण क्रोम आणि सफारीदेखील स्वतःची ओळख ‘मोझिला’ या दुसऱ्याच ब्राउझरशी जोडलेल्या शब्दाने सुरू करतात. हवी ती सुविधा ब्राउझरमध्ये आहे का, हे थेट तपासता येते.

केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून उपलब्ध आहेत. पुण्यातील सार्वजनिक संस्थांनी वेबसाइटच्या निविदेतच मानकांचे पालन आणि क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिन्हींवरील चाचणी बंधनकारक करावी, आणि त्या चाचणीचा अहवाल हाती आल्याशिवाय अंतिम देयक अदा करू नये.

आपला,
एक वेब विकसक, कोथरूड, पुणे