एल्मच्या पानांवरचे काळे ठिपके

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो: पानांवरच्या काळ्या ठिपक्यांनी तुझा कुंडीतला बोन्साय एल्म जाणार नाही. काळजी वाटणं साहजिक आहे, कारण एवढ्याशा झाडावर डाग पडलेलं एकेक पान डोळ्यांत खुपतं. पण या रोगाने तब्येतीचं झाड सहसा मरत नाही.

फोटोत पानावर आधी पिवळट टिपका आणि मग त्याच्या मध्यभागी काळा, किंचित उंचवट्याचा डाग दिसतोय. एल्मवर बुरशीमुळे येणारा काळा ठिपका असाच असतो. तरी एक खात्री कर. ओल्या बोटाने पान पूस. काळं बोटाला लागलं, तर ती मावा किंवा खवले किडीच्या चिकट स्रावावर वाढणारी काजळी, आणि मग बंदोबस्त किडीचा करायला हवा. डाग जागचा हलला नाही आणि नखाला खरखरीत लागला, तर ठिपकाच समज.

तू वाचून धास्तावलास तो डच एल्म रोग वेगळा. तो खोडातल्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा रोग. सालीखाली वाढणारे भुंगेरे ती बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, नळ्या तुंबतात आणि अख्खी फांदी कोमेजून वाळते. विसाव्या शतकात युरोप आणि उत्तर अमेरिकेतले कोट्यवधी एल्म त्याने गेले. तुझ्याकडचा चायनीज एल्म त्या रोगाला सहसा दाद देत नाही. म्हणून तो विषय डोक्यातून काढून टाक.

आता ठिपक्याचं. एकदा ठिपका पडला की ते पान पुन्हा नितळ होत नाही, मग तू कितीही औषध मार. आपण जे करायचं ते पुढच्या पानासाठी. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की निम्मी घालमेल संपते.

बुरशीच्या बीजाणूंना रुजायला पानावर बराच वेळ टिकणारी ओल लागते, आणि एका पानावरून दुसऱ्यावर जायला उडणारे पाण्याचे शिंतोडे. त्यामुळे तू हौसेने संध्याकाळी पानांवर तुषार मारतोस ते आजपासून बंद कर. पाणी सकाळी घाल, थेट मातीला, झारी खाली धरून. सलग पाऊस असेल तेव्हा झाड आडोशाला घे, पण उजेड आणि वारा मिळेल अशाच जागी. शेजारच्या कुंड्यांपासूनही जरा लांब ठेव.

गळलेली पानं मात्र रोज उचल. बुरशी त्यांच्यातच तग धरून राहते आणि नव्या पालवीच्या वेळी तिथूनच वर येते. शेवाळावर पडलेली सहज दिसतात, पण फांदीच्या बेचक्यात अडकलेली चिमट्याने काढावी लागतात. ती खतात न टाकता कचऱ्यात टाक.

खरी मेहनत छाटणीत आहे. एल्मवर आपण भाळतो ते त्याच्या बारीक, दाट काड्यांसाठी, आणि त्याच दाटीत ओल कोंडते. जिथे एकाच जागेतून तीन-चार धुमारे फुटलेत तिथे दोन ठेव, सरळ वर आणि सरळ खाली जाणारे काढ. नवी फांदी चार-पाच पानांची झाली की दोन पानांवर आण. पानं आळीपाळीने येतात, म्हणून शेवटचं पान ज्या बाजूला ठेवशील त्या बाजूला पुढचा फुटवा निघेल. हे करताना एखादं पान जवळून बघच. देठापाशी त्याची एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली असते. मला ती तिरपी बैठक फार आवडते.

सगळी पानं एकदम खुडून टाकायचा मोह होईल, पण आत्ता नको. अशक्त झाडाला दुसरी पालवी काढायला साठवण लागते. खूप डागाळलेली, पिवळी पडलेली पानं काढ, आणि जी बरीचशी हिरवी आहेत त्यांना अन्न करू दे. मुळं हलवणंही सध्या नको. नत्राचं खत थोडं आखडतं घे, त्याने पानं लुसलुशीत होतात आणि रोगाला लवकर बळी पडतात.

औषध शेवटी. तांबेयुक्त किंवा मॅन्कोझेबचं बुरशीनाशक चालेल, पण ते निरोगी पानाचं रक्षण करतं, म्हणून फांदीवरचे डोळे (पानांच्या कळ्या) फुगून पालवी फुटू लागताच सुरू कर. पानाच्या दोन्ही बाजूंना, ऊन तापायच्या आत, डब्यावर लिहिलंय त्याच प्रमाणात आणि तेवढ्याच अंतराने. हातमोजे घाल. त्यात आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक मात्र अजिबात मिसळू नकोस. डायमेथोएटसारख्या औषधाने चायनीज एल्म सगळी पानं टाकू शकतो.

नवी पालवी आली की फोटो पाठव, पानांच्या खालच्या बाजूचेही. तोवर छाटणीबद्दल काही अडलं तर कात्री लावायच्या आधी लिही. मी लगेच उत्तर देईन.

तुझा,
अनंत