चमत्कार म्हणून सोडून देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपुरवणीत नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग छापून आला: १२३४५६७८९८७६५४३२१. फार बरं वाटलं. पण खाली ‘अंकांचा चमत्कार’ एवढंच लिहून विषय संपवलात, ते मात्र पटलं नाही. यामागचं कारण चौथीच्या मुलालाही कळेल इतकं सरळ आहे.

चौकटीच्या वहीत हा गुणाकार मांडावा. १११११११११ ही ओळ नऊ वेळा लिहायची, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. उजवीकडून पहिल्या घराखाली एकच १ येतो, दुसऱ्याखाली दोन, तिसऱ्याखाली तीन. नवव्या घराखाली नऊ एक जमतात आणि तिथून पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे उतरत येतात. बेरीज कुठेही नऊच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही. एवढंच त्याचं गुपित.

आता दहा एकांची संख्या घ्या. मधल्या घरात दहा भरतात, हातचा डावीकडच्या नवाला मिळून त्याचेही दहा होतात, तिथला हातचा आठाला मिळतो आणि आठाचे नऊ होतात. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ कुठे गेला, हे मुलांनी स्वतः शोधावं. माझ्या मते खरं गणित इथे सुरू होतं, कारण नियम का मोडला हे सांगता आलं की तो का चालत होता हेही समजतं.

संगणकावर एक्सेलमध्ये नऊ एकांच्या वर्गाची सतरा अंकी संख्या टाकली, तर शेवटच्या २१ च्या जागी ०० होतात, कारण तिथे पंधराच अंक धरले जातात. हातानं केलेलं उत्तर मात्र शेवटच्या अंकापर्यंत बरोबर असतं.

आणखी एक गोष्ट राहिली. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी दिलं. १२१, १२३२१ या वर्गांच्या घराण्याला त्यांनी ‘डेम्लो’ म्हटलं, ती कल्पना सुचली त्या स्टेशनवरून. आज आपण त्या स्टेशनला डोंबिवली म्हणतो. म्हणजे पुरवणीत छापलेली संख्या दोन्ही बाजूंनी त्यांचीच, आणि त्यांचं नाव कुठेच नाही! कापरेकर जन्मले आमच्या डहाणूत, १७ जानेवारी १९०५ रोजी. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करत त्यांनी हे सारं काम केलं. १९७५ मध्ये गणितावर लिहिणारे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं. इथे चिकूच्या वाड्यांतून शाळेला जाणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? त्यांना कुणी सांगितलंच नाही, तर कळणार कसं?

माझी विनंती एवढीच, की १७ जानेवारीच्या अंकात कापरेकरांची एक संख्या कारणासह छापावी. शब्दकोड्याशेजारची पट्टीसुद्धा पुरेल. उत्तर मात्र पुढच्या आठवड्यात द्यावं, म्हणजे मुलं पेन्सिल हातात घेतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डहाणू