एबीएसचा दिवा मधूनच लागतो तेव्हा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मोटारसायकलच्या मीटरवर एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा मधूनच लागतो, थोडा वेळ राहतो आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की गायब होतो. या तक्रारीवर गॅरेजमध्ये सर्रास दोन उत्तरे मिळतात. एक, ‘काही होत नाही, चालवा.’ दुसरे, ‘युनिट (एबीएसचा पंप, व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्स असलेला भाग) गेले, बदलावे लागेल.’ पहिले उत्तर धोक्याचे आहे आणि दुसरे बहुतेक वेळा चुकीचे. काही ठिकाणी तर दिव्यावर काळी टेप चिकटवून गाडी परत दिली जाते. हा प्रकार थांबायला हवा, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

दिवा कायम लागून राहणे आणि येऊन-जाऊन असणे, हे दोन वेगळे बिघाड आहेत. जळालेला भाग सहसा आपोआप बरा होत नाही. दिवा येतो-जातो याचा अर्थ कुठे तरी काही तरी हलते आहे: जोडणी सैल होते, चाकाजवळचे अंतर बदलते किंवा बॅटरीचा दाब खाली-वर होतो. काय हलते आहे ते शोधणे, एवढेच खरे काम असते.

मुळात बिघाड आहे का, हे आधी पाहावे. किल्ली ऑन केल्यावर दिवा लागणे आणि गाडी हलेपर्यंत तो लागलेला किंवा लुकलुकत राहणे, हे बरोबरच आहे. बहुतेक मॉडेलांत ताशी ५ ते १० किलोमीटर वेग आला की दोन्ही चाकांचे सिग्नल तपासून तो विझतो. पहिल्यांदा गाडी हलताना सीटखालून ‘टक’ किंवा क्षणभर घरघर ऐकू येते तीही याच तपासणीची. मेन स्टँडवर गाडी लावून गिअरमध्ये मागचे चाक फिरवले, तरी बहुतेक गाड्यांत दिवा लागतो. मागचे चाक धावते आणि पुढचे जागचे हलत नाही, म्हणून युनिट बिघाड नोंदवते. चेन धुताना, वंगण लावताना असे होते आणि लोक घाबरतात. अशा वेळी किल्ली बंद करून पुन्हा चालू करावी आणि थोडे अंतर गाडी चालवून पाहावी.

युनिटला रस्ता दिसत नाही, त्याला फक्त ठोके कळतात. चाकावर खाचांची एक कडी असते, तिला टोन रिंग म्हणतात, आणि तिच्यासमोर सेन्सर बसवलेला असतो. कडीला ४० खाचा आणि चाकाचा परीघ १.९ मीटर धरला, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला सेकंदाला साधारण १७५ ठोके युनिटकडे जातात. यातला एक दात वाकला असेल तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका चुकतो, म्हणजे सेकंदाला चारपेक्षा जास्त वेळा युनिटला वाटते की चाक अचानक मंदावले. म्हणूनच गाडी थांबता थांबता, अगदी कमी वेगात, कोरड्या रस्त्यावर ब्रेकचा लिव्हर बोटाखाली थरथरत असेल तर आधी पंप नव्हे, कडी तपासावी.

सगळ्यात आधी कोड वाचावा. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड साठवलेला राहतो. काही मॉडेलांत तपासणीच्या कपलरमधली (वायर जोडण्याच्या प्लगमधली) ठरावीक वायर अर्थला जोडली की दिवा ठरावीक वेळा लुकलुकून कोड सांगतो, बाकीच्यांना स्कॅनर लागतो. कोणती वायर ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच करावे, अंदाजाने कपलरमध्ये तारा घालू नयेत. कोड कागदावर उतरवून घेतल्याशिवाय पुसू नये. आणि ‘पुढच्या चाकाचा सेन्सर’ असा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असे नाही. त्या चाकाकडून येणारा सिग्नल बिघडला, एवढेच तो सांगतो. सेन्सर, कडी, अंतर, वायर, कपलर यांतले काहीही असू शकते. नवा सेन्सर बसवूनही दिवा परत येतो तो याच घाईमुळे. स्कॅनर हाताशी नसेल तर एक खूण उपयोगी पडते. अनेक गाड्यांत वेगाचा आकडा याच सेन्सरवरून येतो. दिवा लागताना मीटरवरचा वेग शून्यावर पडत असेल, तर ज्या चाकावरून मीटर वेग घेते तिकडेच आधी पाहावे.

चाकाजवळ पाहताना पहिला प्रश्न हा की अलीकडे चाक उतरवले होते का. पंक्चर, टायर बदलणे, बेअरिंग किंवा ब्रेक पॅड यांनंतर दिवा सुरू झाला असेल तर निम्मा शोध तिथेच संपतो. चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकले की कडी वाकते. टायर काढताना पान्याचा टेकू कडीवर दिला तरी वाकते. एक्सलचा स्पेसर उलटा बसला किंवा राहूनच गेला, तर कडी आणि सेन्सर यांमधले अंतर बदलते. हे अंतर बहुतेक गाड्यांत अर्धा ते दीड मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) मोजताना पितळी पाती असतील तर उत्तम, कारण काही सेन्सरांतले चुंबक लोखंडी पाते ओढून धरते आणि माप चुकते. एकाच जागी मोजून थांबू नये. चाक हळूहळू फिरवत पूर्ण फेऱ्यात सात-आठ ठिकाणी मोजावे. अंतर एका जागी कमी आणि समोरच्या बाजूला जास्त भरले, तर कडी वाकडी आहे. ती हातोडीने सरळ करायच्या फंदात पडू नये, बदलावी. सगळीकडे सारखेच पण जास्त भरले, तर सेन्सरच्या बैठकीखाली गंज किंवा माती साचली आहे का पाहावे. आणि मोजताना एक आकडा, चाक हाताने बाजूला ढकलल्यावर दुसरा आकडा येत असेल, तर चाकाचे बेअरिंग गेले आहे. टायर वर आणि खाली धरून आडवा हलवला की हाताला ‘कटकट’ जाणवते. असे बेअरिंग असलेल्या गाडीचा दिवा वळणावर आणि खड्ड्यात लागतो, सरळ रस्त्यावर लागत नाही.

सेन्सर काढला की त्याच्या टोकावर ब्रेक पॅडची काळी लोखंडी पूड दाढीसारखी चिकटलेली दिसते. ती मऊ फडक्याने पुसून काढावी. पॉलिश पेपर किंवा स्क्रूड्रायव्हर तिथे लावू नये. परत बसवताना छोटा बोल्ट साधारण ८ ते १० न्यूटन-मीटरने आवळला की पुरे. जोर लावला तर ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि मग सेन्सर कधीच सरळ बसत नाही.

आता वायर, कारण चोर बहुधा इथेच सापडतो. पुढच्या सेन्सरची वायर शॉकअपबरोबर वर-खाली होते आणि हँडलबरोबर डावी-उजवी वळते. वर्षानुवर्षे एकाच जागी वाकून आतली तांब्याची तार तुटते, पण वरचे आवरण शाबूत राहते, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. चिमटीत वायर धरून क्लिपपासून पुढे दोन-दोन इंच सरकत हलकेच ताणावी. तार अखंड असते तिथे वायर ताठ लागते. तार तुटलेली असते तिथे आवरण रबरासारखे किंचित लांबते. बोटांना ही जागा बरोबर कळते. नंतर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असेल तर बीप वाजते त्या सेटिंगवर) ठेवून, दोन्ही बाजूंचे कपलर सोडून, एका जणाने वायरच्या दोन टोकांना प्रोब धरावेत आणि दुसऱ्याने हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे, ब्रेक दाबून पुढचा शॉकअप खाली दाबावा. बीप मध्येच तुटली की जागा सापडली. मागच्या बाजूला चेन ताणल्यावर चाक मागे सरकते आणि वायर तटतटून ताणली जाते. क्लिप निघालेली असेल तर वायर टायरला घासते. दुरुस्ती म्हणून दोन टोके पिळून वर टेप गुंडाळणे हा उपाय नाही. असा जोड ओलावा धरतो आणि काही दिवसांत दिवा परत येतो. सेन्सर वायरसकटच येत असेल तर सेन्सरच बदलावा.

गाडी प्रेशरने धुतल्यावर किंवा पावसातून आल्यावर दिवा लागत असेल तर कपलर उघडून पिनांवर हिरवट थर आहे का पाहावा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पूर्ण वाळू द्यावे. पिन सैल असेल तर सुईने मागून किंचित आत दाबून तिची पकड घट्ट करावी, रबरी सील जागेवर आहे याची खात्री करावी आणि डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्यावा. धुताना चाकाच्या मधोमध आणि सीटखाली पाण्याचा जोरदार मारा करू नये.

गर्दीत गाडी आयडलला असताना, ब्रेक दाबलेला, इंडिकेटर चालू, अशा वेळी दिवा लागतो आणि ॲक्सिलरेटर दिला की जातो? मग चाकांकडे वळण्याआधी बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, इंजिनाचा वेग वाढवल्यावर १३.५ ते १४.५ यायला हवेत आणि स्टार्टर मारताना १० च्या खाली फारसे जायला नकोत. त्यानंतर मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरा युनिटच्या अर्थवर लावून इंजिन चालू, दिवे चालू अशा स्थितीत पाहावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर अर्थचा बोल्ट सोडून, गंज घासून पुन्हा आवळावा. बॅटरीचे टर्मिनल हाताने हलत असेल तर बाकी काही न तपासता आधी ते आवळावे. जादा फॉगलाइट किंवा हॉर्नची वायर एबीएसच्या फ्यूजमधून घेतलेली असेल तर ती काढून टाकावी, यात दुमत नको. फ्यूज सहसा दोन असतात, एक पंपाचा आणि एक व्हॉल्व्हचा. ते फक्त पाहू नयेत, काढून मल्टिमीटरने तपासावेत, कारण पट्टीला केसाएवढी चीर असली तरी फ्यूज चांगलाच दिसतो.

सेन्सर मोजण्याबद्दल एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या, नुसती कॉइल असलेल्या सेन्सरचा रोध साधारण एक ते दोन किलोओहम भरतो आणि चाक हाताने फिरवले की त्यावर एसी मिलिव्होल्ट दिसतात. आताच्या बहुतेक गाड्यांतले सेन्सर ॲक्टिव्ह असतात, त्यांत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. त्यांना ओहम मीटर लावू नये, सेन्सर खराब होऊ शकतो. कपलर सोडून, किल्ली ऑन करून, युनिटच्या बाजूच्या पिनांवर वीज येते का एवढे पाहावे. सेन्सर जोडलेला असताना चाक फिरवले की त्यातला प्रवाह साधारण ७ आणि १४ मिलिॲम्पियर असा उड्या मारतो.

कोड पंपाचा किंवा व्हॉल्व्हचाच असेल, फ्यूज, रिले, अर्थ, बॅटरी सगळे चोख असेल, तरच युनिटवर संशय घ्यावा. जुने ब्रेक ऑइल ओलावा धरून आतल्या बारीक व्हॉल्व्हना गंज लावते, म्हणून डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलणे जरुरीचे.

दिवा लागलेला असताना साधा ब्रेक चालूच असतो, फक्त चाक लॉक होण्यापासून वाचवणारे कोणी नसते. तेव्हा पुढचा ब्रेक एकदम न ओढता वाढत्या दाबाने लावावा, पुढच्या वाहनापासूनचे अंतर दुप्पट ठेवावे आणि ओल्या रस्त्यावर गाडी शक्यतो नेऊ नये. ट्रॅक्शन कंट्रोलही (मागचे चाक जागीच घसरून फिरू न देणारी सोय) याच सेन्सरांवर चालतो, त्यामुळे तोही बंद झाला असे धरावे. दुरुस्तीनंतर कोड पुसून, ज्या स्थितीत दिवा लागत होता तीच स्थिती पुन्हा आणून गाडी चालवून पाहावी: तसाच खड्डा, तेच वळण, तसेच पाणी. तोवर काम झाले असे म्हणू नये.

माझी गॅरेजवाल्यांना आणि कंपन्यांना एक मागणी आहे. एबीएसच्या कामाच्या बिलावर पुसण्यापूर्वीचा कोड, मोजलेले अंतर आणि बॅटरीचे व्होल्ट हे तीन आकडे लिहून द्यावेत. कंपन्यांनी त्या मॉडेलचे योग्य अंतर आणि सेन्सरचा प्रकार गाडीसोबतच्या पुस्तिकेत छापावा. आणि ग्राहकांनी बिलावर हे आकडे नसतील तर युनिट बदलायला होकार देऊ नये.

आपला,
दुचाकी दुरुस्तीच्या कामातील एक वाचक