इम्प्लांट बसवताना ते काढण्याविषयीही सांगा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत स्तनांच्या इम्प्लांट (म्हणजे स्तनात बसवल्या जाणाऱ्या, सिलिकॉन जेल किंवा सलाइन भरलेल्या पिशव्या) शस्त्रक्रियेवर नुकताच आलेला लेख वाचला. शस्त्रक्रियेला किती वेळ लागतो, रुग्णालयात किती राहावे लागते, खर्च साधारण किती येतो, कामावर कधी रुजू होता येते, हे सर्व त्यात व्यवस्थित दिले होते. बसवलेले इम्प्लांट पुढे काढावे लागू शकते, याविषयी मात्र एक ओळही नव्हती. पुण्यातील रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांत परिचारिका म्हणून मी नोकरी केली आणि बसवण्याच्या व काढण्याच्या अशा दोन्ही शस्त्रक्रियांना मदतनीस म्हणून उभी राहिले. म्हणून त्या लेखात राहून गेलेली बाजू मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

इम्प्लांट म्हटले की नट्या आणि मॉडेल डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रियाही पुनर्रचनेसाठी ते बसवून घेतात, आणि त्याला कोणी हौस म्हणू नये. प्रश्न बसवावे की नाही हा नाहीच; तो ज्या त्या स्त्रीचा निर्णय आहे. पण निर्णय घेताना तिला एवढे तरी स्पष्ट सांगितलेले असावे, की ही वस्तू जन्मभर टिकणारी नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार, स्तनांचा आकार वाढवण्यासाठी इम्प्लांट घेतलेल्या स्त्रियांपैकी २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते ८ ते १० वर्षांत काढावे लागते. याच प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये इम्प्लांटच्या माहितीपत्रकावर चौकटीतला ठळक इशारा छापणे बंधनकारक केले, आणि धोक्यांची यादी स्त्रीसमोर वाचून, तिची सही घेऊनच शस्त्रक्रिया करावी असा नियम घातला. आपल्याकडे संमतीपत्रावर सही कशी घेतली जाते हे मी पाहिले आहे: ट्रॉली दाराशी आलेली असते आणि कागद उलटून शेवटचे पान पुढे केले जाते.

बाहेरची कोणतीही वस्तू शरीरात ठेवली की शरीर तिच्याभोवती चिवट पेशीजालाचे आवरण तयार करते. याला डॉक्टर कॅप्सूल म्हणतात आणि तेवढ्यापुरते ते स्वाभाविक आहे. काही स्त्रियांत मात्र हे आवरण आकसत जाते, स्तन कडक होतो, त्याचा आकार बिघडतो आणि कुशीवर झोपणेही दुखरे होते. दुसरी अडचण इम्प्लांट फुटण्याची. सलाइन भरलेले फुटले तर स्तन बसका होतो आणि ते लगेच कळते. सिलिकॉन जेलचे फुटले तर बाहेरून काहीच न कळता वर्षे निघून जाऊ शकतात. म्हणूनच त्रास नसला तरी जेलचे इम्प्लांट बसवल्यावर पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी तपासणी, अशी त्या प्रशासनाची शिफारस आहे. घरी सोडताना हे वेळापत्रक हातात ठेवलेली रुग्ण मला फारशी आठवत नाही.

तिसरी गोष्ट कर्करोगाची, आणि ती घाबरवण्यासाठी सांगत नाही. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित एक प्रकारचा लिम्फोमा होतो. तो स्तनाचा कर्करोग नव्हे, रोगप्रतिकारक पेशींचा आहे. त्याचा संभाव्य संबंध अमेरिकी प्रशासनाने २०११ मध्येच जाहीर केला होता. जुलै २०१९ पर्यंत जगभरातून ५७३ रुग्ण आणि ३३ मृत्यू नोंदले गेले, त्यांतील बहुतेकांत ॲलर्गन कंपनीचे खरखरीत पृष्ठभागाचे इम्प्लांट होते, आणि तेव्हा कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. ज्यांना काहीही त्रास नाही अशा स्त्रियांनी केवळ या बातमीमुळे इम्प्लांट काढून घ्यावे, असे कोणी सुचवलेले नाही. पण बसवून काही वर्षे उलटल्यावर एका बाजूचा स्तन अचानक सुजला, आत पाणी साठले किंवा गाठ लागली, तर ते पाणी काढून तपासायला पाठवलेच पाहिजे. आजार आवरणापुरता असताना सापडला, तर इम्प्लांट आणि संपूर्ण आवरण काढणे बहुधा पुरेसे ठरते.

याहून अवघड प्रश्न आहे तो सर्वांगाच्या तक्रारींचा. सततचा थकवा, सांधेदुखी, केस गळणे, अंगावर पुरळ, विस्मरण, लक्ष न लागणे, झोप उडणे अशा तक्रारी इम्प्लांट असलेल्या अनेक स्त्रिया अनेक देशांत करत आल्या आहेत. याचे निश्चित निदान करणारी एकही चाचणी आज नाही, म्हणून दवाखान्यातून उत्तर मिळते ते ‘मनाला लावून घेऊ नका’ एवढेच. शास्त्राची भूमिकाही सरळ रेषेत चाललेली नाही. अमेरिकेने १९९२ मध्ये सिलिकॉन जेल इम्प्लांटच्या वापरावर मोठी बंधने आणली, हजारो दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंग ही उत्पादक कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली, १९९९ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सर्वांगीण आजारांशी संबंध असल्याचा पुरावा नाही असा निष्कर्ष काढला, आणि २००६ मध्ये जेलचे इम्प्लांट पुन्हा खुले झाले. त्यानंतर २०१८ मध्ये इस्रायलमधील २४,६५१ इम्प्लांटधारक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा स्वयंप्रतिकार आजारांचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांचे) प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा काहीसे जास्त आढळले. जास्त आढळणे म्हणजे इम्प्लांटमुळेच झाले हे सिद्ध होणे नव्हे. तरीही २०२१ च्या त्या चौकटीतल्या इशाऱ्यात या तक्रारींचा उल्लेख आहे, म्हणजे निदान त्यांना कल्पनेचे खेळ म्हणून झटकून टाकण्याचे दिवस संपायला हवेत.

मात्र उलट टोकही मी पाहिले आहे. थकवा आणि केस गळणे ही लक्षणे आपल्याकडच्या किती बायकांना असतात! हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड बिघडलेले, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ तळाला, त्यात पाळी जाण्याचे वय. एवढ्या साध्या तपासण्या आधी करून घ्याव्यात, आमवाताच्या तज्ज्ञांना दाखवावे आणि मग इम्प्लांटकडे बोट दाखवावे. थायरॉइडची गोळी सुरू करून भागणार असेल, तर छातीवर पुन्हा सुरी कशाला?

काढायचेच ठरले, तर पुढच्या बरे होण्याबद्दलही खरे बोलले पाहिजे. इम्प्लांट काढल्यावर तक्रारी कमी झाल्याचे अनेक स्त्रिया सांगतात, काहींना काही आठवड्यांतच हलके वाटते, काहींना कित्येक महिने लागतात आणि काहींच्या तक्रारी तशाच राहतात. कोणाचे काय होईल हे आधी सांगता येत नाही. जो डॉक्टर हमी देतो त्याच्याकडून दुसऱ्याकडे जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इम्प्लांट आणि आवरण अखंड, एकाच गोळ्यात काढले तरच विष बाहेर पडते, असा एक समज सध्या बराच पसरला आहे आणि त्यासाठी जादा पैसेही आकारले जातात. अमेरिकेत या प्रश्नावर झालेल्या अभ्यासात आवरण अखंड काढले, तुकड्यांत पूर्ण काढले किंवा थोडेच काढले, तरी तक्रारींमधला उतार सारखाच दिसला. लिम्फोमा असेल किंवा त्याची शंका असेल, तर संपूर्ण आवरण काढणे गरजेचे आहे. पण एरवी बरगड्यांना चिकटलेले पातळ आवरण हट्टाने सोलायला गेले, तर रक्तस्राव वाढतो आणि क्वचित फुप्फुसाच्या पडद्याला इजा होते. आवरणात किंवा आतल्या पाण्यात काही संशयास्पद दिसले, तर ते पॅथॉलॉजीकडे गेले की नाही, हे मात्र रुग्णाने आठवणीने विचारावे.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस ड्रेनच्या नळ्यांचे असतात. बाटलीत रोज किती द्राव जमला हे वेळ टाकून लिहून ठेवावे लागते, कारण नळी कधी काढायची हे त्यावरच ठरते, आणि हे काम घरच्या माणसाने शिकून घेतलेले बरे. छातीला घट्ट आधार देणारी ब्रेसियर डॉक्टर सांगतील तितके आठवडे रात्रंदिवस घालावी लागते. हात खांद्याच्या वर नेणे, पाण्याची कळशी उचलणे, कणीक तिंबणे, लेकराला कडेवर घेणे हे साधारण चार ते सहा आठवडे बंद. आपल्या घरांत नेमके हेच पाळले जात नाही: बाई आठव्या दिवशी ओट्याशी उभी राहते आणि मग आत पाणी साठले म्हणून परत येते. ताप, एकाच बाजूची वाढती सूज, लाली किंवा टाक्यांतून येणारा घाण वास यांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहू नये. स्तन बसवण्यापूर्वी होते तसे दिसतीलच असेही नाही. ताणलेली त्वचा लोंबते, खोलगट भाग राहतो, कधी दुसरी शस्त्रक्रिया किंवा पोटावरची चरबी भरण्याचा उपाय सुचवला जातो. कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या स्त्रीला तर दुसऱ्यांदा सपाट छातीला सामोरे जावे लागते. तिच्याशी याबद्दल शस्त्रक्रियेआधी बोललेले असावे, ड्रेसिंग सोडताना नव्हे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. वरचे सगळे करायचे तर शरीरात काय बसवले आहे हे आधी ठाऊक हवे. इम्प्लांटच्या खोक्यात कंपनी, प्रकार, आकारमान, लॉट क्रमांक आणि अनुक्रमांक असलेले स्टिकर येतात. त्यांतला एक केस पेपरवर चिकटवायचा आणि एक कार्डावर लावून रुग्णाला द्यायचा असतो. केस पेपरवरचा आम्ही न चुकता लावत असू. रुग्णाचा पुष्कळदा खोक्याबरोबर केराच्या टोपलीत जाई.

या कागदाच्या कपट्याची किंमत फ्रान्समधील पीआयपी या इम्प्लांट बनवणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात जगाला कळली. त्या कंपनीने औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकॉन भरून इम्प्लांट विकले. ते मार्च २०१० मध्ये बाजारातून काढले गेले, डिसेंबर २०११ मध्ये फ्रान्स सरकारने सुमारे ३०,००० स्त्रियांना ते काढून घेण्याचा सल्ला दिला, आणि २०१३ मध्ये कंपनीचा संस्थापक झाँ-क्लोद मास याला चार वर्षांची शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये सुमारे ४७,००० स्त्रियांना हे इम्प्लांट बसवले होते. पण तिथली राष्ट्रीय नोंदवही २००६ मध्येच बंद पडलेली असल्याने कोणाच्या छातीत काय आहे हे शोधताना यंत्रणेची दमछाक झाली. त्या धड्यानंतर २०१६ मध्ये ब्रिटनने नवी नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्येही अशा नोंदवह्या आहेत. भारतात उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून आहे आणि वैद्यकीय उपकरणांचे नियमही २०१८ पासून लागू आहेत. पण दुष्परिणाम कळवणे वेगळे आणि कोणाला काय बसवले याची कायमची नोंद ठेवणे वेगळे. ही दुसरी सोय नसली की काय होते ते खुब्याच्या सदोष सांध्याच्या प्रकरणात आपण अनुभवले आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीने २०१० मध्ये परत घेतलेला एएसआर सांधा भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला होता, आणि भरपाईची वेळ आली तेव्हा त्यांतील बहुतेक रुग्णांचा माग लागला नाही.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार डॉक्टरांवर रुग्णाचे कागद जपण्याचे बंधन आहे ते फक्त तीन वर्षांचे. इम्प्लांटची पहिली तपासणी पाच-सहा वर्षांनी आणि कागद तीन वर्षांनी रद्दीत, हा हिशेब कोणाच्या सोयीचा आहे? शरीरात राहणाऱ्या कोणत्याही उपकरणाचे कागद ते उपकरण आत असेपर्यंत जपावेत, डिस्चार्ज कार्डावर अनुक्रमांक छापल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये आणि राज्याच्या आरोग्य विभागाने केंद्राची वाट न पाहता निदान महाराष्ट्रापुरती नोंदवही सुरू करावी, अशी माझी मागणी आहे. खर्चाचीही कल्पना द्यावी. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, किंवा प्रकृतीला थेट आणि तातडीचा धोका असल्याचे डॉक्टरने प्रमाणित केलेली शस्त्रक्रिया, तेवढी बसू शकते. म्हणजे हौसेने बसवलेले इम्प्लांट पुढे काढायची वेळ आली, तर विमा कंपनीशी वाद अटळ समजावा.

नियम बदलेपर्यंत आपल्या वाचक भगिनींना एक गोष्ट करता येईल. त्याच नियमावलीत, रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत असेही म्हटले आहे. ज्यांची शस्त्रक्रिया गेल्या तीन वर्षांत झाली आहे त्यांनी या आठवड्यातच रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून शस्त्रक्रियेच्या टिपणाची आणि स्टिकर लावलेल्या पानाची प्रत मागावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. ज्यांच्या शस्त्रक्रियेला अधिक काळ लोटला आहे त्यांनीही अर्ज करून पाहावा, कारण अनेक रुग्णालये जुने कागद प्रत्यक्षात टाकत नाहीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
कोथरूड, पुणे