ईलाय मॅनिंगला 'काठावर पास' म्हणणाऱ्यांसाठी

जानेवारी २०२०

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावरचा, अमेरिकन फुटबॉलमधल्या न्यू यॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक (बॉल फेकून टीमचा खेळ चालवणारा) ईलाय मॅनिंग याच्या निवृत्तीचा लेख वाचला आणि झोपेपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं म्हणून लिहितोय. '११७ विजय, ११७ पराभव, म्हणजे काठावर पास' हे वाक्य तुम्ही वेगळं उचलून चौकटीत छापलंय. ज्यांनी लिहिलं त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांनी जायंट्सच्या मॅचेस बघितल्यात की नुसता आकड्यांचा तक्ता बघितलाय हा प्रश्न मला पडला.

त्या ११७ पराभवांमधला एकच सांगतो. १ नोव्हेंबर २०१५, न्यू ऑर्लिन्स. ईलायने ६ टचडाऊन (गोल म्हणा) टाकले, एकही इंटरसेप्शन (फेकलेला बॉल समोरच्या टीमने पकडणं) नाही, टीमचे ४९ पॉइंट झाले आणि तरी हरलो, ५२-४९. हा पराभवही त्याच्याच नावावर लागला. त्या सीझनला त्याचे ३५ टचडाऊन होते आणि टीम ६-१० (सहा जिंकल्या, दहा हरल्या), कारण डिफेन्स कोणालाच थांबवू शकत नव्हता. यात क्वार्टरबॅकने अजून काय करायचं होतं ते लेखकाने सांगावं.

आता मी काही आंधळा भक्त नाही. आम्ही न्यू जर्सीतले लोक त्याच्यावर जितके चिडलोय तितकं तुमच्या लेखकाला चिडताही येणार नाही. २०१३ ला २७ इंटरसेप्शन, पूर्ण लीगमधे सगळ्यात जास्त, आणि प्रत्येक वेळी चेहरा असा की जणू काही घडलंच नाही. तो चेहरा बघून जीव जळायचा. सोळा सीझनमधे प्लेऑफ फक्त सहा वेळा, त्यातल्या चार वेळा पहिल्याच मॅचला बाहेर. २००४ च्या ड्राफ्टला (टीम नवीन खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सॅन दिएगोने पहिल्या नंबरवर घेतलं तर 'मी तिकडे खेळणार नाही' म्हणून बसला, तेही मला कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. हे सगळं लिहा, जरूर लिहा.

पण २०१७ बद्दल तुमच्या लेखात फक्त एक ओळ आहे. 'फॉर्म गेल्याने त्याला बाहेर बसवण्यात आले.' बस्स. मला राग आला तो खरा या ओळीचा.

तेव्हा नक्की काय झालं ते इथल्या प्रत्येक फॅनला पाठ आहे. टीम २-९. बॉल झेलणारा ओडेल बेकहॅम, त्याचा घोटा ऑक्टोबरमधेच मोडलेला, ईलायला वाचवणारी पुढची लाइन अशी की बॉल हातात आला की दोन सेकंदांत कोणीतरी अंगावर. आणि नोव्हेंबर संपता संपता कोच मॅकअडू त्याला सांगतात की ओकलंडला तू स्टार्ट कर, तुझी सलग स्टार्ट करायची स्ट्रीक चालू राहील, पण मग मधेच तुला काढून दुसरा क्वार्टरबॅक जीनो स्मिथला आणू. सलग २१० मॅचेस स्टार्ट केलेला माणूस, २००४ पासून दुखापतीमुळे एकही चुकवलेली नाही. तो म्हणाला की नुसत्या स्ट्रीकसाठी खेळणं बरोबर नाही, मग जीनोलाच खेळू द्या. नंतर लॉकरपाशी पत्रकारांशी बोलताना त्याच्या डोळ्यात पाणी होतं, एरवी कधी काही न दाखवणारा माणूस.

माझ्या ऑफिसात एक जण आहे, वडिलांच्या काळापासून घरात जायंट्सची सीझन तिकिटं. सप्टेंबरपासून दर सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी त्याचं एकच चालू असायचं, ईलायला बसवा, ईलाय संपला, नवीन पोरगा बघा. इतकं की लोक तिकडे जायचे टाळायचे. मंगळवारी ती बातमी आली आणि बुधवारी हा पठ्ठ्या १० नंबरची जर्सी घालून ऑफिसला. सकाळपासून कोणाशी बोलला नाही. जेवताना मी विचारलं की अरे, तूच तर म्हणत होतास ना बसवा म्हणून? तो म्हणाला, 'हो, पण असं नाही.' आणि परत गप्प. मी पण गप्प बसलो कारण मलाही अगदी तेच वाटत होतं आणि मला त्याच्याएवढ्या कमी शब्दांत सांगता आलं नसतं. त्या रविवारी जायंट्स ओकलंडला २४-१७ ने हरले, आणि लगेच सोमवारी कोच आणि जनरल मॅनेजर दोघांनाही घरी पाठवलं. पुढच्या मॅचला डॅलससमोर परत ईलाय स्टार्टर. हे सगळं तुमच्याकडे एका ओळीत संपतं आणि ती ओळही अशी की वाचणाऱ्याला वाटावं चूक त्याचीच होती.

दुसरं, लेखातलं ते 'नशिबाने मिळालेले दोन सुपर बोल' (लीगच्या फायनल). फेब्रुवारी २००८ ला समोर १८-० ची, म्हणजे एकही न हरलेली पेट्रियट्स, सव्वा मिनिट राहिलेलं, आमच्या टायरीने बॉल हेल्मेटला दाबून धरला ते सगळ्यांना आठवतं, पण त्याआधी ईलायची जर्सी मागून धरलेली होती आणि तो त्यातून सुटून बाहेर आला ते लेखात कुठंय? त्याच्या दोन आठवडे आधी ग्रीन बेला उणे १८ सेल्सिअसमधे ओव्हरटाइममधे जिंकलो होतो, तेही नशीबच का? बरं एकदा नशीब म्हणा. २०१२ ला परत तीच पेट्रियट्स, स्वतःच्या १२ यार्डांपासून ड्राइव्ह (चढाई) सुरू आणि पहिल्याच प्लेला आमच्या मॅनिंगहॅमला साइडलाइनवर ३८ यार्डांचा थ्रो, दोन डिफेंडरच्या मधे, जिथे फक्त त्याचाच हात पोचेल अशा ठिकाणी. आणि त्याआधीची सॅन फ्रान्सिस्कोची मॅच, सहा सॅक (बॉल फेकायच्या आधीच पाडणं), चिखलात इतक्यांदा आपटला की पोटात गोळा यायचा, आणि दर वेळी उठून परत हडलमधे (पुढचा डाव ठरवायला जमलेल्या घोळक्यात). काठावर पास होणारी पोरं इतका मार खाऊन उभी राहत नाहीत हो.

हॉल ऑफ फेमचं (महान खेळाडूंच्या सन्मानाचं) काय ते निवृत्तीनंतर पाच वर्षांनी मतं देणारे ठरवतील, त्यावर वाद घाला, माझंही मत कधी इकडे कधी तिकडे होतं. पण वाद घालायचा तर सगळं समोर ठेवून घाला.

आणि जाता जाता अजून एक, कारण हे तर अजिबात सोडण्यासारखं नाही. लेखासोबत छापलेला फोटो ईलायचा नाही, तो त्याच्या मोठ्या भावाचा, पेटनचा आहे, तोही क्वार्टरबॅकच. केशरी ब्रॉन्कोज जर्सी, नंबर १८, ढळढळीत दिसतोय. पेटन २०१६ लाच रिटायर झाला. सोळा वर्षं हा मुलगा 'पेटनचा धाकटा भाऊ' हे ऐकत खेळला, त्या पेटनपेक्षा चार वर्षं आधी दुसरी रिंग (सुपर बोल जिंकल्याची अंगठी) मिळवली, आणि निवृत्तीच्या बातमीतही त्याच्या जागी भावाचा फोटो? पान लावताना एवढं बघायला कोणीच नव्हतं का? उद्याच्या अंकात त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या आकारात, निळ्या जर्सीतला १० नंबरचा फोटो छापा आणि खाली चूक झाली असं स्पष्ट लिहा. पत्र कापून छापलंत तरी चालेल, हे मात्र करा.

आपला,
एक जुना वाचक आणि जायंट्स फॅन
एडिसन, न्यू जर्सी