प्रत्येक घाम हवेचा नसतो

महोदय,

मार्च उजाडला की किनारपट्टीवर घामाची तक्रार करणाऱ्याला 'कोकणात राहायचे तर घाम येणारच' असे उत्तर मिळते. दमट हवेत आलेला घाम वाळत नाही, म्हणून सगळ्यांनाच तो जास्त जाणवतो, हे खरे. मात्र याच उत्तरामुळे ज्यांच्या घामाचे कारण हवा नाही, तेही दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

जानेवारीच्या गारव्यातही ज्याचे तळहात निथळतात, मनगटाखाली रुमाल घेऊनही ज्याच्या उत्तरपत्रिकेवरची शाई फुटते, असा विद्यार्थी आम्हा शिक्षकांना नवा नाही. घाम तळहात, तळपाय, काखा किंवा चेहरा अशा ठरावीक जागी, दोन्ही बाजूंना सारखा येत असेल, लहानपणी वा वयात येताना सुरू झाला असेल आणि झोपेत थांबत असेल, तर तो बहुधा हायपरहायड्रोसिस हा विकार असतो. यात घामाच्या ग्रंथी निरोगीच असतात, त्यांना मज्जातंतूंकडून मिळणारे इशारे तेवढे जादा असतात. अशा मुलाला भित्रा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

याउलट, मोठ्या वयात अचानक सर्वांगाला घाम फुटू लागला, तर थायरॉईड, रजोनिवृत्ती किंवा चालू असलेले एखादे औषध यांपैकी काहीही कारण असू शकते. रात्री अंथरूण भिजत असेल आणि सोबत ताप, खोकला, वजन घटणे असेल, तर क्षयरोगाची तपासणी टाळू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यास एकाएकी घाम आणि थरथर सुटल्यास साखर उतरल्याची शंका घ्यावी. छातीत दुखून दरदरून घाम आला, तर उन्हाला दोष देत बसण्याऐवजी तत्काळ रुग्णालय गाठावे.

उपचार पायरीपायरीने करायचे असतात. डिओडोरंट केवळ वास झाकतो. घाम कमी करतात ती ॲल्युमिनियम क्लोराईडयुक्त द्रावणे. ती रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावून सकाळी धुवायची असतात. ओल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर लावल्यास आग होते आणि माणूस दुसऱ्याच दिवशी बाटली फेकून देतो. तळहात-तळपायांसाठी पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देणारी आयंटोफोरेसिस ही पद्धत आहे, मात्र गरोदर स्त्रिया आणि पेसमेकर बसवलेल्यांसाठी ती नाही. काखेत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने काही महिने उपयोगी पडतात, पण खर्चिक आहेत. मज्जातंतू छेदणारी शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण नंतर पाठ-पोटावर भरपाईचा घाम सुरू होऊ शकतो आणि तो कायमचाही राहतो.

गोळ्यांबाबत आपल्याकडे विशेष सावध राहायला हवे. ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन यांसारख्या गोळ्या अंगभर घाम कमी करतात, त्यामुळे शरीर थंड ठेवण्याची सोयच मंदावते. एप्रिल-मे महिन्यात आंबा उतरवणाऱ्या गड्याने किंवा मासळी सुकवणाऱ्या बाईने त्या परस्पर घेतल्या तर उष्माघाताचा धोका वाढतो. काचबिंदू वा लघवी अडण्याचा त्रास असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हातही लावू नये. घामाने जांघेत झालेल्या गजकर्णावर स्टेरॉइड मिसळलेली मलमे विकत आणून लावण्याची सवयही तितकीच घातक. खाज थांबते आणि बुरशी खाली पसरत राहते.

जिल्ह्याच्या ठिकाणचे त्वचारोगतज्ज्ञ कोणत्या दिवशी कोणत्या ग्रामीण रुग्णालयात येतात, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फलकावर लिहावे आणि दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर अशा विद्यार्थ्यांना टिपकागद व कोरडा रुमाल जवळ ठेवू द्यावा, अशी संबंधितांना विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले (जि. सिंधुदुर्ग)